बर्फावरची एक शर्यत

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



कार्यवाहसाहेबांनी पत्र पाठवून मला 'खेळ आणि शिक्षण' या विषयावर अर्धा तास बोलायला सांगितले. पी.टी.च्या मास्तरला दुसरा कोणता विषय देणार? परंतु या विषयावर मी नोकरीत असताना इतके बोललो आहे की समोर बसलेल्या काही जुन्या विद्यार्थ्यांना माझी वाक्ये पाठ असतील. म्हणून आज थोडी वाट सोडून बोलणार आहे. आपल्यापैकी कोणी खेळलेला नाही आणि बहुतेकांनी पाहिलेलाही नाही, अशा एका खेळाची हकिकत सांगणार आहे. हा खेळ बर्फावरचा आहे. कोकणातल्या माणसाने बर्फ पाहिला तो माशांच्या पेटीत किंवा सरबताच्या ग्लासात. त्यामुळे माझे काही चुकले तर पकडायला येथे कोणी नाही, ही एक सोय आहे.

माझी थोरली मुलगी अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या बोझमन या गावी विद्यापीठात संशोधन करीत होती. 2020 च्या फेब्रुवारी महिन्यात मी तिच्याकडे गेलो. निवृत्त माणूस, हाताशी वेळच वेळ. मार्च महिना लागला तशी ती एके दिवशी म्हणाली, "अब्बा, येत्या बुधवारी इथल्या डोंगरावर कॉलेजांची स्कीची राष्ट्रीय स्पर्धा सुरू होतेय. तुम्ही आयुष्यभर जिल्हा स्पर्धा केल्यात, ही एकदा बघा." मी दोन स्वेटर, तिच्या नवऱ्याचा कोट आणि कानटोपी असा सगळा साज चढवून निघालो. तो दिवस होता 11 मार्च 2020.

बोझमनपासून मोटारीने अर्ध्या तासावर ब्रिजर बोल नावाचा डोंगरउतार आहे. त्या मुलखात पडणारा बर्फ फार कोरडा आणि हलका असतो. तिथले लोक त्याला प्रेमाने 'थंड धूर' म्हणतात. हौशी माणसे त्या धुरासाठी लांबून येतात. शर्यतीच्या लोकांना मात्र असला मऊ बर्फ नको असतो. त्यांना उतार दगडासारखा कडक हवा असतो, म्हणजे पहिल्या क्रमांकाला जशी वाट मिळाली तशीच तिसाव्यालाही मिळते. नाहीतर मागून येणाऱ्याच्या नशिबी पुढच्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या येतात. आपल्याकडे पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावरून शेवटची एस.टी. जाते तेव्हा तिचे जे हाल होतात, तेच समजा. त्यासाठी दोन खेळाडूंच्या मधल्या वेळात काही माणसे स्की आडव्या धरून उतारावरून घसरत येतात आणि सैल झालेला बर्फ बाजूला सारतात. हे काम करणारे तिथल्या कॉलेजचेच विद्यार्थी आणि गावातले स्वयंसेवक असतात. त्यांचे नाव कुठल्या वर्तमानपत्रात येत नाही. आपल्या शाळेच्या मैदानावर फक्कीने रेघा ओढणाऱ्या शिपाईमामांची मला तिथे आठवण झाली.

त्या दिवशीच्या शर्यतीचे नाव जायंट स्लॅलम. 'स्लॅलम' म्हणजे दारांमधून वळणे घेत उतरणे. उतारावर निशाणे लावलेली गेट रोवलेली असतात, एक लाल, एक निळे, पुन्हा लाल, पुन्हा निळे. खेळाडूने प्रत्येक गेटमधून जायचे, एकही चुकवायचे नाही. साध्या स्लॅलममध्ये ही गेट अगदी जवळजवळ असतात. जायंट स्लॅलममध्ये ती लांब लांब असतात, त्यामुळे वेग पुष्कळ वाढतो आणि वळण मोठे घ्यावे लागते. स्लॅलमची आजच्या पद्धतीची शर्यत आर्नल्ड लन या इंग्रज गृहस्थांनी 1922 साली स्वित्झर्लंडमधल्या म्यूरेन गावी मांडली. जायंट स्लॅलम त्या मानाने धाकटी. 1950 साली अमेरिकेतल्या ॲस्पेन येथे ती जागतिक स्पर्धेत आली आणि 1952 साली ऑस्लोच्या ऑलिंपिकमध्ये.

या शर्यतीच्या दोन फेऱ्या असतात आणि दोन्ही फेऱ्यांची वेळ मिळवून निकाल लागतो. एक फेरी संपायला मिनिटभराच्या आसपास वेळ लागतो. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. आणि गंमत अशी की दुसऱ्या फेरीसाठी गेट उपटून नव्या जागी रोवतात. म्हणजे पहिल्या फेरीत पाठ केलेली वाट दुपारी कामाला येत नाही. विद्यार्थी मित्रांनो, सकाळच्या पेपरचे गाइड दुपारच्या पेपरला चालत नाही, असाच हा प्रकार आहे! बरे, सरावाला एकदा गेटमधून उतरून पाहीन म्हणाल, तर तेही चालत नाही. शर्यतीआधी ठरावीक वेळ मिळतो. तेवढ्यात बाजूबाजूने सावकाश घसरत यायचे, प्रत्येक गेट पाहायचे आणि वाट डोक्यात बसवायची. मी खाली उभा राहून दुर्बिणीतून पाहत होतो. वर मुले-मुली डोळे मिटून उभी होती आणि हाताचा पंजा हवेत डावीउजवीकडे वळवीत होती. मला वाटले, दुआ मागताहेत की काय. मुलगी हसून म्हणाली, "अब्बा, ती उजळणी करताहेत."

आता या स्पर्धेची जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली तिच्याकडे येतो. ही नीट ऐका, कारण पुढे मी जे बोलणार आहे ते याच्यावरच उभे आहे.

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांचा कारभार पाहणारी एक मोठी संघटना आहे, तिला एन.सी.ए.ए. म्हणतात. तिची स्कीची स्पर्धा 1954 साली सुरू झाली. पहिले अजिंक्यपद डेन्व्हर विद्यापीठाने घेतले आणि पुढेही सर्वांत जास्त वेळा त्यांनीच ते जिंकले. ही स्पर्धा चार दिवस चालते. दोन दिवस उतारावरच्या शर्यती, म्हणजे जायंट स्लॅलम आणि स्लॅलम. दोन दिवस सपाटी-चढणीवर स्कीने लांब पल्ला धावण्याच्या शर्यती. प्रत्येक दिवशी एक मुलींची आणि एक मुलांची, अशा एकूण आठ शर्यती. एका कॉलेजने एका शर्यतीत जास्तीत जास्त तीन खेळाडू उतरवायचे. ज्याचा जसा क्रमांक तसे गुण. पहिल्याला सर्वांत जास्त आणि खाली उतरत उतरत कमी. या सगळ्या गुणांची बेरीज ज्याची जास्त ते कॉलेज विजयी.

म्हणजे हिशेब करा. आठ शर्यती, प्रत्येकी तीन खेळाडू, चोवीस निकाल. त्यांतले बारा मुलींचे, बारा मुलांचे. मुलींचा वेगळा चषक नाही आणि मुलांचाही वेगळा नाही. एकच बेरीज आणि एकच चषक. मुलांनी चारही शर्यती जिंकल्या आणि मुली कच्च्या राहिल्या तर ते कॉलेज घरी रिकाम्या हाताने जाईल.

हे पहिल्यापासून असे नव्हते. 1954 पासून जवळजवळ तीस वर्षे ही स्पर्धा फक्त पुरुषांची होती. 1972 साली अमेरिकेत एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने मुलगा-मुलगी असा भेद करता कामा नये, असे त्याने सांगितले. त्यानंतर कॉलेजांतल्या मुलींच्या खेळांची स्थिती हळूहळू पालटली. 1983 साली स्कीच्या स्पर्धेत मुली आल्या आणि बेरीज एक झाली. ती पहिली एकत्र स्पर्धा याच ब्रिजर बोलच्या डोंगरावर झाली होती आणि यूटा विद्यापीठाने ती जिंकली होती. मी ज्या उतारापाशी उभा होतो त्याच डोंगरावर सदतीस वर्षांपूर्वी हे घडले होते. तिथे त्याची काही पाटीबिटी मला दिसली नाही. अमेरिकन लोक अशा बाबतीत आपल्यापेक्षा साधे आहेत. आपण असतो तर कोनशिला बसवून तिच्यावर देणगीदारांची नावे कोरली असती. (कार्यवाहसाहेब, हे आपल्याला उद्देशून नाही.)

शर्यत सुरू झाली. एकेक खेळाडू वरून सुटतो. दिसतो तेव्हा ठिपका असतो आणि बघता बघता इतका जवळ येतो की स्कीची धार बर्फात घुसण्याचा आवाज कानावर येतो. तो आवाज जाड कापड टरकावल्यासारखा असतो. वळणावर माणूस इतका कलतो की त्याची कंबर बर्फाला लागते की काय असे वाटते. मी आयुष्यभर मुलांना 'ताठ उभे राहा' म्हणत आलो, आणि इथे जो जास्त कलतो तो जास्त वेगाने जातो. मात्र कलायचे ते बाहेरच्या पायावर भार ठेवून. भार आतल्या पायावर गेला की स्की सुटली आणि माणूस आडवा झालाच.

आणि इथेच त्या बेरजेचा पेच सुरू होतो. जो खेळाडू पडतो किंवा गेट चुकवतो त्याला शून्य. दहा-पंधरा गुण नाहीत, चक्क शून्य. मग दुसऱ्या फेरीला वर उभ्या असलेल्या मुलीने काय करावे? जीव तोडून वेग घ्यावा तर पडण्याची भीती. जपून यावे तर मागची पुढे जाणार. एकट्याची शर्यत असेल तर माणूस म्हणेल, पडलो तर पडलो, माझा मी. इथे तिच्या शून्यात आणखी अकरा जणांचा वाटा असतो. आणि त्यांतली सहा तर त्या दिवशी डोंगरावर स्पर्धेलाही नसतात. ती लांब पल्ल्याची मुले-मुली, त्यांची पाळी उद्या. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे होते. त्यांची नात एका कॉलेजकडून उतरली होती. मी त्यांना विचारले, "प्रशिक्षक काय सांगतात? जोरात ये की सांभाळून ये?" ते म्हणाले, "पहिली खाली पोचली असेल तर दुसरीला जोरात ये म्हणतात. पहिली पडली असेल तर दुसरीला काहीच सांगत नाहीत. तिला माहीतच असते."

त्या दिवशी मी एक मुलगी पडताना पाहिली. कोणत्या कॉलेजची ते मी सांगत नाही आणि आता मला आठवतही नाही. दुसरी फेरी होती. मधल्या तीव्र उतारावर निळ्या गेटपाशी तिची आतली स्की सुटली. ती लांबवर घसरत गेली आणि जाळीला अडली. उठली. हातपाय शाबूत होते. सोडून गेलेली स्की उचलून लावली आणि कडेकडेने, कोणाच्या वाटेत न येता, सावकाश खाली आली. मला वाटले आता ही तंबूत जाऊन रडणार. ती अंतिम रेषेच्या पलीकडे कुंपणापाशी उभी राहिली, हेल्मेट काढले आणि वर पाहू लागली. तिच्या संघातली तिसरी मुलगी अजून यायची होती. त्या तिसऱ्या मुलीने काय केले असेल? तिने ना वेग कमी केला, ना वेडे धाडस केले. नेटकी उतरली. ती रेषा ओलांडून थांबते न थांबते तोच पडलेली मुलगी कुंपणावर वाकून तिच्या पाठीवर थापा मारीत होती. पहिला क्रमांक कोणाचा आला हे तिथे मोठ्या कर्ण्यावर सांगितले, टाळ्याही झाल्या. पण माझी नजर त्या दोघींवरून निघेना.

कारण मला माझ्या चार मुली आठवल्या.

ही गोष्ट 1994 सालची. शाळेचे नाव घेत नाही, गावाचेही घेत नाही. माझ्याकडे नववीत चार मुली होत्या. चार गुणिले शंभर मीटर रिलेत त्यांनी तालुका जिंकला. जिल्ह्याला निवड झाली. बॅटन बदलण्याचा सराव आम्ही शाळा भरण्यापूर्वी, सकाळी साडेसहाला करीत असू. तिसऱ्या टप्प्यावर, म्हणजे वळणावर धावणारी मुलगी विशेष चपळ होती. जिल्हा स्पर्धेच्या आठ दिवस आधी ती आलीच नाही. तिसऱ्या दिवशी तिचे अब्बा शाळेत आले. भला माणूस, बंदरावर कष्ट करणारा. म्हणाले, "मास्तर, पुढच्या वर्षी दहावी आहे तिची. आता धावणे पुरे झाले." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मुलीच्या जातीने धावू नये असेही ते म्हणाले नाहीत. त्यांना तिला शिकवायचेच होते. त्यांच्या हिशेबात धावणे आणि शिकणे एकमेकांच्या वाटेत येत होते, एवढेच.

मी काय केले? मी "बरे" म्हणालो.

त्यांच्या घरी जायला मला सायकलवर दहा मिनिटे लागली असती. मी गेलो नाही. वाटले, बापाचा निर्णय आहे, आपण कोण सांगणार. आणि खरे सांगायचे तर त्या वर्षी मुलांचा कबड्डीचा संघ चांगला जमला होता, माझे लक्ष तिकडे होते. रिले चौघींची असते. तिघींची रिले कोणी घेत नाही. मी एक मुलगी गमावली असे मला वाटत होते, प्रत्यक्षात मी चौघी गमावल्या. त्या तिघी त्या आठवड्यात रोज सकाळी साडेसहाला मैदानावर येऊन उभ्या राहत होत्या. चौथा दिवस, पाचवा दिवस. सहाव्या दिवशी मीच त्यांना घरी जायला सांगितले. त्यांपैकी कोणीही नंतर धावली नाही.

ब्रिजर बोलच्या थंडीत हे सगळे माझ्यासमोर आले. तिथे बेरीज एक होती, म्हणून कोणत्याही प्रशिक्षकाला मुलींकडे दुर्लक्ष करणे परवडत नव्हते. माझ्या शाळेत मुलांचा चषक वेगळा आणि मुलींचा वेगळा होता. मुलांचा आला की त्या कपाटासमोर फोटो निघत असे आणि मुलींचे कप्पे रिकामे आहेत हे कोणाच्या ध्यानात येत नसे. माझ्याही आले नाही.

पालकहो, दहावीच्या भीतीबद्दल दोन शब्द बोलतो. ती भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. फी कशी भरतात ते मला ठाऊक आहे. परंतु या स्पर्धेत उतरणारी मुले-मुली कॉलेजचे पूर्णवेळ विद्यार्थी असतात. अभ्यासात नापास झाला तर खेळता येत नाही, असा तिथे नियम आहे. एन.सी.ए.ए.च्या प्रत्येक राष्ट्रीय स्पर्धेत आणखी एक मान देतात. अंतिम स्पर्धेत उतरलेल्या खेळाडूंपैकी अभ्यासात ज्याची सरासरी सर्वांत वरची, त्याला तो मिळतो. खेळाच्या मैदानावर, खेळाडूंच्या समोर अभ्यासाचे बक्षीस! आपल्याकडे बक्षीससमारंभात अभ्यासाची बक्षिसे आधी वाटतात. खेळाची पाळी येते तेव्हा पाहुण्यांची गाडी सुरू झालेली असते.

एक उदाहरण सांगतो, ते जगजाहीर आहे. पॉला मोल्टझन नावाची अमेरिकन खेळाडू आहे. लहानपणापासून ती स्की करीत होती, देशाच्या संघातही होती. 2016 साली तिला संघातून वगळले. आपल्याकडे अशा वेळी घरचे म्हणतात, "बघ, तरी सांगत होतो." ती काय करते? व्हर्मॉन्ट विद्यापीठात नाव घालते, जीवशास्त्र शिकू लागते आणि कॉलेजच्या संघातून उतरते. 2017 साली तिने एन.सी.ए.ए.ची स्लॅलम जिंकली. पुढे 2018 च्या नोव्हेंबरात, कॉलेजची विद्यार्थिनी असतानाच, व्हर्मॉन्टमधल्या किलिंग्टन येथील जागतिक चषकाच्या शर्यतीत ती अगदी मागच्या क्रमांकावरून सुटली आणि दुसऱ्या फेरीत जाऊन पोचली. देशाच्या संघाचे दार पुन्हा उघडले. 2025 साली ऑस्ट्रियात झालाबाख येथे जागतिक स्पर्धा झाली. तिथे तिने कांस्यपदक मिळवले, तेही जायंट स्लॅलममध्ये. नॉर्वेचा लाइफ क्रिस्तियान हाउगेन हा डेन्व्हर विद्यापीठात शिकला, तिथल्या संघातून खेळला आणि 2017 साली सेंट मॉरिट्झच्या जागतिक स्पर्धेत त्यानेही जायंट स्लॅलमचेच कांस्यपदक घेतले. कॉलेजात गेला म्हणजे खेळ संपला, असे स्कीच्या जगातही पुष्कळ लोक म्हणत असत. या दोघांनी ते म्हणणे खोटे पाडले.

आणि कोणी म्हणेल, मास्तर, हे गोऱ्या लोकांचे खेळ, आपल्याला काय त्यांचे? तर त्यांना काश्मीरची गोष्ट सांगतो. गुलमर्गजवळचा मोहम्मद आरिफ खान. वडिलांचे गुलमर्गला स्कीच्या सामानाचे दुकान होते. पोरगा चार वर्षांचा असताना वडिलांनी त्याला बर्फावर उभे केले. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताकडून तो एकटा गेला. संपूर्ण देशाच्या पथकात खेळाडू एकच! तिरंगाही त्यानेच धरला. 13 फेब्रुवारीला जायंट स्लॅलम होती. त्या दिवशी हिमवर्षाव इतका होता की समोरचे गेट धड दिसत नव्हते. कितीतरी नावाजलेले खेळाडू त्या दिवशी शर्यत पुरी करू शकले नाहीत. आरिफने दोन्ही फेऱ्या पुऱ्या केल्या आणि पंचेचाळिसावा आला. सोनेरी पदक स्वित्झर्लंडच्या मार्को ओडरमाटने नेले. पंचेचाळिसावा क्रमांक ऐकून हसणारे लोक मला भेटले आहेत. मी त्यांना विचारतो, तुमच्या गल्लीतून कोण गेले होते? ज्या उतारावर भल्याभल्यांचे शून्य झाले तिथे तो रेषेपर्यंत पोचला होता.

तेव्हा डोंगर आपल्या देशातही आहे आणि त्यावरून उतरणारी मुलेही आहेत. मी ब्रिजर बोलला उभा होतो त्याच मार्च महिन्यात गुलमर्गला खेलो इंडियाचे पहिले हिवाळी खेळ भरले होते, हे मला नंतर कळले. परंतु मी तुम्हाला बर्फ आणा असे सांगायला आलेलो नाही. आपल्याकडे मैदान आहे तेवढे पुरे.

आता त्या स्पर्धेचे पुढे काय झाले ते सांगतो. दुसऱ्या दिवशी, 12 मार्चला, लांब पल्ल्याच्या शर्यती झाल्या. आठांपैकी चार शर्यती पुऱ्या. मी मुलीला म्हटले, शुक्रवारी पुन्हा जाऊ. त्या दुपारी बातमी आली की करोनाच्या साथीमुळे एन.सी.ए.ए.ने उरलेल्या सगळ्या स्पर्धा रद्द केल्या. स्लॅलम झालीच नाही. त्या वर्षी अजिंक्यपद कोणालाच दिले नाही. ज्यांचे कॉलेजचे ते शेवटचे वर्ष होते त्यांची शेवटची शर्यत होऊन गेली होती आणि त्यांना ते माहीतही नव्हते. पुढे त्या संघटनेने वसंत हंगामातल्या खेळांच्या विद्यार्थ्यांना एक वर्ष वाढवून दिले, हिवाळी खेळांच्या विद्यार्थ्यांना दिले नाही.

मी त्या कुंपणापाशी उभ्या राहिलेल्या मुलीचा विचार पुष्कळ दिवस करीत होतो. ती शेवटच्या वर्षाला असेल तर तिच्या नावावर त्या स्पर्धेत शून्य राहिले आणि ते भरून काढायची संधी शुक्रवारच्या शर्यतीबरोबर गेली. पण ती गेली साथीमुळे. माझ्या त्या तिघींची गेली ती मी दहा मिनिटे सायकल चालवली नाही म्हणून.

मी स्वतः तिकडे अडकून पडलो. विमाने बंद झाली. जून महिन्यात सरकारने सोडलेल्या विमानाने मुंबईला उतरलो आणि चौदा दिवस एका खोलीत बसून काढले. बसल्याबसल्या मनात एक शब्द घोळत होता. आपण घरी उर्दूत शिक्षणाला 'तालीम' म्हणतो. मराठीत 'तालीम' म्हणजे आखाडा, जिथे अंग कमवतात. दोन्हीकडे शब्द एकच. आपल्या मोहल्ल्यात दोन्ही भाषा बोलल्या जातात, आणि तरी मला माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत हे सुचले नाही.

गावी परतल्यावर मी संस्थेच्या कचेरीत जाऊन अर्ज दिला की मला पगार नको, मैदान द्या. संस्थेने ते दिले, त्याबद्दल आभार. शिवाय माझी एक मागणी होती, तीही या वर्षी मान्य झाली आहे. क्रीडास्पर्धेच्या दिवशी चारही हाऊसचे मुलांचे आणि मुलींचे गुण यापुढे एकाच फळ्यावर लिहिले जातील आणि ढाल एकच राहील. या निर्णयावर दोन-तीन हाऊसमास्तर नाराज आहेत. ज्यांच्या हाऊसमध्ये मुली धावत नाहीत, तेच नाराज आहेत. त्यांनी आतापासून तयारीला लागावे.

सराव सोमवारपासून आहे. मुलींचा सकाळी साडेसहा ते साडेसात. त्या वेळी मैदानाचे फाटक बंद राहील आणि दोन शिक्षिका हजर असतील. दहावीच्या मुलामुलींनाही परवानगी आहे, त्यांना आठवड्यातून तीनच दिवस यायचे आहे. फॉर्म कचेरीबाहेर शिपाईमामांकडे आहेत, त्यावर पालकांची सही हवी.

मुलींच्या रिलेसाठी आजपर्यंत तीन नावे आली आहेत. चौथीचे नाव मला माहीत आहे, तीही या सभागृहात कोठेतरी बसली असेल. तिचा फॉर्म आलेला नाही. तिच्या अब्बांना भेटायला मी उद्या मगरिबनंतर त्यांच्या घरी जाणार आहे. कार्यवाहसाहेब, आपली त्यांची जुनी ओळख आहे, आपणही बरोबर यावे अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.